चोविसावी फाईल

ही घटना खरी आहे.

पटवून देण्याच्या फंदात मी पडणार नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते, पुरावा नसेल तर माझाही कशावर विश्वास बसत नाही. पण या घटनेतलं चार मिनिटं दहा सेकंदांचं एक रेकॉर्डिंग मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

दोनदा.

जागा, लोणखेड्याच्या एका कॉलेजातली कॉम्प्युटर लॅब. वेळ रात्रीची नाही, अमावस्येची तर नाहीच. एप्रिल महिना, भर दुपार, घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं.

हे घडलं रोहिणीताईच्या बाबतीत. ती माझी मावसबहीण. त्या लॅबमध्ये ती नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती. नऊ वर्षं दर जूनमध्ये नवा अर्ज, नवी मुलाखत. कायम होण्याचा तिचा प्रस्ताव एकदाचा विद्यापीठात पोहोचला होता, आणि त्याच वर्षी ही गोष्ट सुरू झाली.

आधी थोडं समजावून सांगावं लागेल.

मुलं जो प्रोग्राम लिहितात, तो मशीनला जसाच्या तसा कळत नाही. मध्ये एक कंपायलर असतो. तो प्रोग्राम वाचतो, तपासतो आणि मशीनला चालवता येईल असा करून देतो. पण वाचण्यापूर्वी त्याला एक गोष्ट कळावी लागते. समोरची फाईल कोणत्या भाषेत लिहिली आहे?

सी की सी प्लस प्लस?

एरवी तो फाईलच्या नावाचं शेपूट, म्हणजे टिंबानंतरची अक्षरं, बघून ओळखतो. ताईच्या मुलांचं मात्र शेपटाशी कायमचं वाकडं. कोणी फाईलला स्वतःचं नाव देई, कोणी गावदेवीचं, कोणी नुसतंच 'झालं'. परीक्षेच्या दिवशी त्या फाईली नीट करत बसण्यातच तास जाई. म्हणून ताईने तपासणीचा एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. तो सगळ्या फाईली ओळीने उचलायचा आणि कंपायलरला बजावायचा की शेपटाकडे बघू नकोस, भाषा मी सांगते तीच समज.

ती भाषा ताईने त्या प्रोग्राममध्ये एका शब्दात लिहून ठेवलेली असे.

एकच शब्द.

त्या वर्षी सकाळी दुसऱ्या वर्षाची सी प्लस प्लसची प्रॅक्टिकल झाली. दुपारी पहिल्या वर्षाची, सीची. मधल्या वेळात ताईने डबा खाल्ला, हजेरीचे कागद लावले...

आणि तो शब्द बदलायचा राहून गेला.

दुपारी चोवीस मुलं होती. तेवीस जणांचे प्रोग्राम इतके साधे होते की दोन्हींपैकी कोणतीही भाषा सांगितली तरी चालले असते. चोविसावी होती सेवंती वसावे. मणिबेलीच्या बाजूची, नर्मदेच्या काठाची. धरणाच्या पाण्यात अर्धंअधिक गाव गेलेलं, तिच्या पाड्यावर बोटीशिवाय जाता येत नाही. हॉस्टेलवर राहून शिकायची. कमी बोलायची आणि वर्गात कोणी लिहीत नाही असा प्रोग्राम लिहायची. त्या दिवशीही तिने तेच केलं. तिची एक ओळ सीमध्ये अगदी बिनचूक होती. सी प्लस प्लस मात्र ती ओळ चालवून घेत नाही.

तेवीस फाईली पास झाल्या. चोविसाव्या फाईलपुढे तीन लाल ओळी आल्या.

शून्य.

"मॅडम, माझ्या मशीनवर चालला होता," सेवंती म्हणाली. "एकदा बघा ना."

हेमकांत सर, बाहेरून आलेले एक्स्टर्नल, घड्याळ बघत होते. त्यांची बस होती.

ताईने मान वर केली नाही. "मशीन खोटं बोलत नाही, सेवंती."

"एकदाच, मॅडम."

"मशीन खोटं बोलत नाही. जा आता."

पाच वाजता सगळं आवरताना ताईला तो शब्द दिसला. गुणांचं पाकीट तिच्यासमोर टेबलावर होतं, सील केलेलं. ते सकाळी जायचं होतं. म्हणजे हातात एक अख्खी संध्याकाळ होती. एक पत्र लिहायचं, चूक माझी आहे म्हणायचं, बस्स. पण ते पत्र त्याच विद्यापीठात गेलं असतं जिथे तिचा प्रस्ताव पडून होता.

ताईने तो शब्द खोडला. लॅबला कुलूप लावलं. ती घरी गेली.

जूनमध्ये निकाल लागला. सेवंती त्या एकाच विषयात नापास, म्हणून हॉस्टेलची जागा गेली. ती फेरतपासणीचा फॉर्म घेऊन ताईकडे आली.

ताईने फॉर्म उलटसुलट केला. "पालकाची सही लागेल."

"फोनवर विचारा ना, मॅडम. बाबा बोलतील."

"सही लागेल म्हटलं ना."

अशा सहीची गरज नव्हती. ताईला फक्त मुदतीचे दहा दिवस काढायचे होते. हे तिनेच मला सांगितलं, तिच्याच तोंडाने.

सेवंती बसने, मग जीपने, मग बोटीने घरी गेली. बापाचा अंगठा घेतला आणि दुसऱ्याच दिवशी परत निघाली. पाण्याला वारा लागला होता. बुडालेल्या झाडांचे शेंडे त्या पाण्यात वीतभर खाली असतात, वरून दिसत नाहीत. बोट तशाच एका शेंड्यावर चढली. बोटीतले बाकीचे दोघे पोहून काठाला लागले.

सेवंती तिसऱ्या दिवशी सापडली.

ऑगस्टमध्ये तिचे वडील, बाज्या वसावे, कॉलेजात आले. चपला दाराबाहेर काढल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी केलेला एक कागद काढून त्यांनी ताईच्या टेबलावर ठेवला आणि हाताने सपाट केला.

"फॉरम आणला, मॅडम. अंगठा लावला होता. पोरीच्या हातात होता."

शाई पसरली होती. अंगठा तेवढा स्पष्ट होता.

"मुदत संपली, बाबा," ताई म्हणाली.

"ते राहू द्या. मी एकच विचारतो. पोरगी सांगायची, मशीनवर चाललं होतं. खरं का?"

हो म्हणायला एक क्षण लागला असता.

"मशीन खोटं बोलत नाही, बाबा."

म्हाताऱ्याने अंगठ्याच्या ठशावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "म्हणजे पोरगी खोटं बोलली."

त्याने कागद परत घडी करून पिशवीत घातला, चपला हातात घेतल्या आणि तसाच अनवाणी गेला.

पुढचं वर्ष उजाडलं. ताईने तपासणीचा प्रोग्राम बदलला होता. आता तो प्रत्येक फाईल उघडण्याआधी थांबायचा आणि पडद्यावर विचारायचा, भाषा? ताईने उत्तर टाईप केलं की मगच पुढे जायचा. चूक पुन्हा व्हायला नको, एवढाच त्यामागे हेतू होता.

एप्रिल. पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल. या वेळी मुलं तेवीस.

एक्स्टर्नल पुन्हा हेमकांत सर. मुलं बाहेर व्हरांड्यात थांबली होती. लॅबमध्ये तिघंच होते, ताई, सर आणि लॅबचे जुने मदतनीस तौफिकभाई.

"काय मॅडम, तुमचा कॉम्प्युटर आता मुलाखत घेतो म्हणे?" सर म्हणाले.

"मुलांची नाही सर, माझी घेतो."

"मग पास व्हा बरं. पुढच्या आठवड्यात कमिटी आहे ना तुमची? पेढे नंदुरबारचे हवेत, इथले नकोत."

"आधी ऑर्डर तर हातात येऊ द्या," ताई हसली.

पहिली फाईल. भाषा? सी. पास. दुसरी. भाषा? सी. पास. असं करत ती तेविसावीपर्यंत आली.

तेव्हा वीज गेली.

पंखे थांबले. कूलर थांबला. बॅटरीवर फक्त ताईचा पडदा चालू राहिला. बाहेर तेवीस मुलं गप्पा मारत होती, त्यांचाही आवाज एकदम बंद झाला... जणू कोणी त्यांना गप्प बसायला सांगितलं होतं.

तेविसावी. भाषा? सी. पास.

ताईने खुर्ची मागे सरकवली.

आणि पडद्यावर आणखी एक ओळ उमटली...

चोवीस. भाषा?

"तेवीसच होते ना?" सर म्हणाले.

"तेवीसच." ताईने फोल्डर उघडून बघितलं. आत एक जास्तीची फाईल होती. नाव फक्त आकडा, चोवीस. शेपूट नाही. बनवल्याची तारीख गेल्या वर्षीची. त्याच दिवसाची.

तिने ती पुसून टाकली.

फोल्डरमध्ये आता तेवीस फाईली होत्या. पडद्यावर मात्र...

चोवीस. भाषा?

मग लॅबच्या टोकाकडून आवाज आला. एक कळ दाबल्याचा. टक्.

त्या टोकाला चोवीस नंबरचं मशीन होतं. दिवाळीपासून ते बंद होतं. त्याचा कीबोर्ड तौफिकभाईंनी स्वतः काढून कपाटात ठेवला होता. टेबलावर नुसता रिकामा पडदा होता, प्लॅस्टिकने झाकलेला.

टक्.

चोवीस. भाषा?

टक्.

चोवीस. भाषा?

"तौफिक, काय आहे रे तिकडे?" सरांनी विचारलं.

तौफिकभाई दोन पावलं गेले आणि थांबले. "कुछ नही, सर..." त्यांनी वाकून बघितलं. "खुर्चीखाली पाणी आहे. आणि वास... नदीचा वास येतोय, मॅडम."

कूलर दुसऱ्या भिंतीला होता.

ताईने तिकडे बघितलं नाही. मला तिने नंतर सांगितलं की त्या वेळी तिला भीती वाटली नाही. तिला सगळं लख्ख कळलं होतं. प्रश्न साधा होता आणि त्याचं खरं उत्तर तिला ठाऊक होतं. सी टाईप केलं की प्रोग्राम चालणार. पूर्ण गुण पडणार. पाठीशी सर पेन उघडून उभे आहेत, ते विचारणार की ही फाईल कोणाची, आणि गेल्या वर्षीचं शून्य उघडं पडणार. आणि कमिटी पुढच्या आठवड्यात.

टक्.

भाषा?

ताईने सी टाईप केलं.

बोट एंटरवर नेलं. तिथे ते थोडं थांबलं.

मग तिने पुढे दोन अधिकची चिन्हं टाकली आणि एंटर दाबलं.

गेल्या वर्षी चुकून झालं होतं. या वेळी तिने जाणूनबुजून केलं.

त्याच तीन लाल ओळी आल्या. शून्य.

वीज आली, पंखे फिरू लागले, बाहेर मुलांचा कलकलाट सुरू झाला. खुर्चीखालची फरशी कोरडी होती.

"जुनी फाईल राहून गेली असेल कुठेतरी," हेमकांत सर म्हणाले आणि सही करून मोकळे झाले. भिंतीवरच्या घड्याळात तीन दहा झाले होते.

त्या संध्याकाळी ताईने मला फोन केला. सगळं सांगितलं, गेल्या वर्षीपासूनचं, काहीही न लपवता. शेवटी म्हणाली, "संपनं व आते."

संपलं आता.

मी तिला काहीच बोलले नाही. तेवढं माझ्याही पदरात आहे.

कमिटी झाली. ऑर्डर आली. ताई कायम झाली.

मे महिन्यात ती कोरीटला माहेरी गेली होती. घरात ती आणि तिची आई, म्हणजे माझी निर्मला मावशी, दोघीच. उन्हामुळे गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मावशी जेवून आडवी झाली होती. मध्येच उठून बसली.

"रोहिणी, मन्ही छाती दुखी ऱ्हायनी व. गाडी बलाव."

तिला दरदरून घाम फुटला होता. ताईने लगेच नंदुरबारच्या एका खाजगी दवाखान्याला फोन लावला, रुग्णवाहिकेसाठी. आधी रेकॉर्ड केलेला आवाज आला, मराठीसाठी एक दाबा. तिने एक दाबला. मग एक बाई बोलू लागली.

ताई घाबरली तरी गोंधळणारी नाही. तिने शिकवल्यासारखं एकेक सांगितलं. गाव कोरीट. दूध डेअरीच्या मागचं निळ्या दाराचं घर. आई, वय अडुसष्ट, छातीत कळ, डाव्या हातापर्यंत.

पलीकडून आवाज आला, "काय म्हणालात?"

तिने पुन्हा सांगितलं.

"ताई, नीट सांगा. पेशंट कुठे आहे?"

तिने तिसऱ्यांदा सांगितलं. चौथ्यांदा सांगितलं. एकेक शब्द सुटा करून.

मावशी खाटेवरून तिच्याकडे बघत होती. दुखण्यापेक्षा वेगळंच काहीतरी तिच्या डोळ्यांत आलं होतं. ती मागे सरकायला लागली, भिंतीकडे... स्वतःच्या मुलीपासून लांब.

"रोहिणी... हाई काय बोली ऱ्हायनी तू?"

ताईला वाटलं, आई भ्रमात आहे.

फोन कापला गेला. तिने परत लावला, पण पलीकडून कोणी उचलला नाही. ती तशीच उन्हात अनवाणी धावत गेली आणि शेजारच्या भिला काकांचं दार वाजवलं.

तिला बघताच काका उठले. "चाल, टाक गाडीमा! वखत नही आते."

त्यांच्या पिकअपमध्ये मावशीला घातलं. गाव सुटून अर्धा रस्ताही झाला नसेल, मावशी गेली. अर्धा तास आधी आणायला हवं होतं, डॉक्टर म्हणाले.

तेराव्यानंतर मी आणि ताई त्या दवाखान्यात गेलो. भांडायलाच गेलो होतो. व्यवस्थापक हबीबसाहेब शांत माणूस. त्यांनी नोंदवही उघडली. त्या दिवशी, तीन वाजून दहा मिनिटांनी, ताईच्या नंबरपुढे एकच शब्द होता.

चेष्टा.

"आमची माणसं उगाच असं लिहीत नाहीत, बहेनजी," ते म्हणाले. "तुम्हीच ऐका."

त्यांनी रेकॉर्डिंग लावलं.

आधी त्यांच्या बाईचा आवाज. बोला, काय झालं?

मग ताईचा आवाज. स्पष्ट, सावकाश, वर्गात शिकवतानाचा.

"मशीन खोटं बोलत नाही."

"काय म्हणालात?"

"मशीन खोटं बोलत नाही."

"ताई, नीट सांगा. पेशंट कुठे आहे?"

"मशीन. खोटं. बोलत. नाही."

चार मिनिटं दहा सेकंद. दुसरा एकही शब्द नाही. मागे बारीक आवाजात मावशीचं कण्हणं, आणि एकदा, अगदी स्पष्ट, तिचा तो प्रश्न.

हाई काय बोली ऱ्हायनी तू?

ताई रेकॉर्डिंग संपेपर्यंत हलली नाही. मग म्हणाली, "पुन्हा लावा."

दुसऱ्यांदाही तेच होतं.

त्या रात्री तिने विद्यापीठाला पत्र लिहिलं. सगळं कबूल केलं. दीड महिन्याने उत्तर आलं. संबंधित वर्षाच्या प्रॅक्टिकलच्या फाईली नियमाप्रमाणे नष्ट केल्या आहेत, गुणांत बदल करता येणार नाही. सोबत तिला कारणे दाखवा नोटीस. ती बाज्या वसाव्यांना शोधायला बोटीने पाड्यावरही जाऊन आली. पाड्यावरच्या चैत्या नावाच्या माणसाने घर दाखवलं. घर होतं, म्हातारा नव्हता. गेल्या दिवाळीतच वारला होता. पोरगी खोटं बोलली, एवढंच म्हणायचा, असं चैत्या म्हणाला.

आता ताई रोज दुपारी लॅबमध्ये बसते. नोटिशीचं काय व्हायचं ते होवो, तिला पर्वा नाही. तौफिकभाई सांगतात, तपासणीचा प्रोग्राम चालू करते, उत्तर मनात तयार ठेवते आणि तीन दहाची वाट बघते.

सी. एकच अक्षर.

चोविसावी फाईल परत आलेली नाही. एकदाही नाही.

मी इथेच थांबणार होते. पण गेल्या गुरुवारी मला ताईचा फोन आला. मी शाळेतून येऊन नुकतीच टेकले होते. भिंतीवरच्या घड्याळाकडे माझं लक्ष आधी गेलं नाही, नंतर गेलं.

"बोल, ताई," मी म्हणाले.

ती बोलू लागली. घाईत नव्हती. मध्ये थांबत होती, जणू मला काही विचारत होती. एकदा तिने माझं ऐकण्यासाठी वाट बघितली, मग पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली, एकेक शब्द सुटा करून.

चार मिनिटं.

मला फक्त एकच वाक्य ऐकू येत होतं.

तेव्हापासून तिचा फोन लागत नाही. तौफिकभाई म्हणतात, मॅडम तीन दिवस आल्याच नाहीत. उद्या सकाळच्या पहिल्या बसने मी लोणखेड्याला निघते आहे.

त्या चार मिनिटांत ती मला काय सांगत होती...

मला माहीत नाही.